जुना २४ चॅनेलचा मिक्सर घेतलाय, हम मारतोय आणि खरखरतोय, काय करू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटीकडच्या एका गावच्या भजनी मंडळानं कोल्हापूर भागातल्या एका साउंडवाल्याकडून २४ चॅनेलचा ॲनालॉग मिक्सर १२ हजारांना घेतला. त्यानं डिजिटल घेतलं म्हणून हा काढून टाकला. गावात आणून लावला तर सगळे फेडर (आवाजाच्या सरकत्या पट्ट्या) खाली असतानाही हम म्हणजे घूं असा आवाज येतो, डावा मेन आउट मध्येच जातो मध्येच येतो, पाच-सहा फेडर खरखरतात, दोन चॅनेल मेलेत आणि फँटम (माईकला केबलमधून जाणारे ४८ व्होल्ट) लागत नाही. एका मेकॅनिकनं बघून सांगितलं की सगळे आयसी आणि सगळे कंडेन्सर बदलायला लागतील, २५ हजार होतील. तर एवढे पैसे घालावेत की भंगारात द्यावा?

भंगारात देऊ नका, आणि २५ हजारही घालू नका. तुम्ही जे आजार सांगितलेत ते सगळे जुन्या मिक्सरचे ठरलेले आजार आहेत आणि त्यातला एकही आयसीचा असेलच असं नाही. मी इतकी वर्षं हे डबे उघडतोय, त्यात दिसतं ते एवढंच की मिक्सर बिघडतो तो जिथं काहीतरी जोडलंय किंवा जिथं काहीतरी हलतं तिथं, म्हणजे जॅक, स्विच, फेडर, रिबन केबल, सोल्डरचे डाग, आणि दुसरं म्हणजे आतला पॉवर सप्लाय, कारण तो रोज तापतो. मधला आयसी बिचारा वीस वर्षं गप काम करत असतो. म्हणून आधी सप्लाय, मग सगळे सांधे, आणि त्यानंतर जे उरेल तेच पार्ट बदलायचं काम. हा क्रम मोडला की पैसे जातात आणि हम तसाच राहतो.

उघडायच्या आधी हम कुठला आहे ते ठरवा, याला एक पैसा लागत नाही. मिक्सरला फक्त हेडफोन लावा, मेन आउटच्या दोन्ही केबल काढून टाका. हेडफोनमध्ये हम नाही आणि ॲम्पला जोडल्यावर येतो, तर मिक्सर बरा आहे, तुमचा ग्राउंड लूप आहे, म्हणजे दोन ठिकाणच्या अर्थिंगमुळं केबलच्या जाळीतून करंट फिरतोय. मिक्सर देवळातल्या बोर्डावर आणि ॲम्प मंडपातल्या दुसऱ्या लाइनीवर असं असलं की हे हमखास होतं. दोन्ही एकाच बोर्डावर घ्या, मिक्सर ते ॲम्प बॅलन्स्ड (दोन तारा आणि वर जाळी असलेली) केबल वापरा, आणि तरीही राहिला तर त्या लाइन केबलची जाळी फक्त ॲम्पच्या बाजूला तोडा. माईकच्या केबलची जाळी कधीच तोडायची नाही, फँटम त्यातून परत येतो. आणि प्लगची अर्थिंगची पिन तर कुणीही सांगितलं तरी काढायची नाही, त्यावर पुढे बोलतो.

हेडफोनमध्येच हम आहे तर सप्लाय. मोबाईलवर फ्रिक्वेन्सी दाखवणारं फुकट ॲप मिळतं ते लावून बघा. ५० हर्ट्झ दिसला तर ग्राउंडिंग किंवा ट्रान्सफॉर्मरजवळून गेलेली वायर, आणि १०० हर्ट्झ दिसला तर फिल्टरचे कंडेन्सर सुकलेत, कारण आपली लाइन ५० ची आणि रेक्टिफायरमधून गेल्यावर ती दुप्पट होते. कान सरावला की ॲपही लागत नाही, ५० चा जाड आणि खालचा असतो, १०० चा जरा धारदार, भुंग्यासारखा.

अजून एक, हम दिवसभर नसतो आणि संध्याकाळी सात-आठला भजन सुरू झालं की येतो, असं तर नाही ना? आपल्याकडे आतल्या गावांत संध्याकाळी लाइन १८० पर्यंत खाली येते. समजा सप्लायमध्ये रेग्युलेटरच्या (व्होल्टेज ठरलेल्या आकड्यावर धरून ठेवणारा पार्ट) आधी २४ व्होल्ट मिळतात, लाइन २३० ची १८० झाली की तिथं १९ च्या आत येतात. १५ व्होल्टच्या रेग्युलेटरला डोक्यावर दोन-अडीच व्होल्ट जास्तीचे लागतातच, त्यात रिपलचा (डीसीत उरलेल्या चढउताराचा) खड्डा आला की रेग्युलेटर हात टेकतो आणि हम थेट आवाजात. हा मिक्सरचा बिघाड नव्हेच, एक चांगला स्टॅबिलायझर लावला की संपलं. मागं ११५/२३० चा सिलेक्टर असेल तर तो २३० वरच आहे ना तेही बघून घ्या.

आता उघडायचं. लाइनचा प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सर भरलेले राहतात, १ के ५ वॅटचा रेझिस्टर दोन टोकांना धरून ते रिकामे करा, स्क्रू ड्रायव्हरनं शॉर्ट मारायची सवय असेल तर ती सोडा. आत जड ट्रान्सफॉर्मर नसून एसएमपीएस (मोबाईल चार्जरसारखा स्विचिंग सप्लाय) निघाला तर त्याच्या प्रायमरी बाजूला ३२५ व्होल्ट डीसी असतात, त्या कामाची सवय नसेल तर तेवढा बोर्ड सवय असलेल्याकडं द्या, यात कमीपणा काही नाही. ट्रान्सफॉर्मरवाला असेल तर पहिल्यांदा चालू करताना सिरीज लॅम्पवरच करा, म्हणजे लाइनच्या एका वायरीत मध्ये बल्ब घालून, ६० किंवा १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब पाहिजे, एलईडी चालत नाही. बल्ब एकदा उजळून मंद झाला तर ठीक, तसाच भगभगीत राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करा.

सप्लाय मिक्सरपासून सोडवून एकटा मोजा. बहुतेक मिक्सरमध्ये प्लस आणि मायनस १५ ते १८ च्या मध्ये कुठला तरी आकडा असतो, बोर्डावर लिहिलेला असतो, आणि एक ४८ चा. प्लस आणि मायनस जवळजवळ सारखे पाहिजेत. मग मिक्सर जोडून लोडवर परत मोजा, आणि मीटर एसी व्होल्टवर टाकून रेग्युलेटरच्या आउटपुटवर रिपल बघा, तिथं काही मिलिव्होल्टच्या वर दिसता कामा नये. रेग्युलेटरच्या पायांबद्दल सांगून ठेवतो कारण इथं लोक बोर्ड जाळतात: ७८१५ चा पत्रा ग्राउंडला असतो, ७९१५ चा पत्रा इनपुटला असतो, एलएम३१७ चा आउटपुटला आणि एलएम३३७ चा इनपुटला. चौघं दिसायला सारखे, एकाच हीट सिंकवर शेजारी शेजारी बसलेले. अभ्रकाचा वॉशर आणि स्क्रूचं प्लास्टिकचं बुश परत न घालता नवा रेग्युलेटर बसवला की संपला खेळ. पाय पण एका क्रमानं नाहीत, डेटाशीट मोबाईलवर उघडी ठेवूनच काम करा.

सप्लायमधले इलेक्ट्रोलायटिक मात्र सगळे बदला, एकही ठेवू नका, हा खर्च वाचवण्याचा नव्हे. १०५ डिग्रीवाले घ्या, ८५ वाले नको. ढोबळ हिशेब असा की तापमान १० डिग्रीनं कमी झालं की कंडेन्सरचं आयुष्य दुप्पट होतं, म्हणजे त्याच गरम डब्यात १०५ वाला चौपट टिकतो. व्होल्टेज तेवढंच किंवा एक पायरी वरचं. मायक्रोफॅरड मात्र तेवढेच, ४७०० च्या जागी १०००० घातले तर चालू करताना रेक्टिफायर आणि फ्यूजवर झटका बसतो. जुन्याच्या बुडाशी चिकट डाग किंवा माशासारखा वास आला तर तो गळलाय, खालचा बोर्ड आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोल) धुवून घ्या नाहीतर ट्रॅक खात जातो. बेळगावात रेडिओ-टीव्हीच्या पार्टच्या दुकानात हे मिळतात, पण दुकानात पडून जुने झालेले घेऊ नका, मोठे कंडेन्सर आणि आयसी मी पुण्याच्या तपकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवतो. बंगळूरला कुणी जाणार असेल तर एसपी रोड.

फँटम लागत नाही याचं कारण बहुधा याच सप्लायमध्ये सापडेल, ४८ चा फ्यूज, त्याचा रेग्युलेटर किंवा त्याचा कंडेन्सर. तिथं ४८ आहेत तर माईकच्या सॉकेटवर मोजा, १ आणि २ मध्ये, मग १ आणि ३ मध्ये. ४४ ते ५२ च्या मध्ये काहीही चालेल, पण दोन्हीकडं सारखं पाहिजे. एकाच चॅनेलला एका पायावर शून्य आलं तर तिथला ६.८ के चा रेझिस्टर किंवा त्याचा डाग गेला.

डावा मेन जातो-येतो, हे वाचल्यावर मला सगळ्यात आधी मागचा इन्सर्ट जॅक आठवला. मेनला इन्सर्ट असतो, त्यात काही घातलेलं नसताना सिग्नल जॅकमधल्या छोट्या पट्टीवरून पुढे जातो. ती पट्टी वीस वर्षं कुणी उघडली नाही, वर जांबोटीचा पाऊस, मग ती काळी पडते. पी-३८ चा (पाव इंची) जॅक घेऊन डाव्या इन्सर्टमध्ये पंधरा-वीस वेळा आत-बाहेर करा, आवाज स्थिर झाला तर आजार सापडला. मग त्या पट्टीवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून परत तेच करा. चॅनेलच्या इन्सर्टलाही हेच, तुमच्या मेलेल्या दोन चॅनेलपैकी एखादा यानंच उठला तर मला नवल वाटणार नाही.

नाही उठला तर पीएफएलचं बटण (फेडरच्या आधीचा आवाज हेडफोनला देणारं) हाच तुमचा डॉक्टर. त्या चॅनेलला मोबाईलवरून १ किलोहर्ट्झचा टोन लाइन इनमध्ये द्या, पीएफएल दाबा. हेडफोनमध्ये टोन येतो पण मेनला येत नाही, तर बिघाड फेडर, म्यूट किंवा मेनला पाठवायचं बटण यातच आहे, बाकीचं बघायची गरज नाही. पीएफएललाच येत नाही तर इन्सर्टमधून बाहेर काढून बघा, तिथं आला तर इक्यू आणि इन्सर्टच्या पट्टीत अडकलाय, तिथंही नाही तर पुढचाच प्रीॲम्प. लाइन वाजते आणि माईक वाजत नाही तर एक्सएलआरचा डाग, फँटम अडवणारे दोन कंडेन्सर किंवा माईकचे ट्रान्झिस्टर. आणि आयसीबद्दल शंका असलीच तर आठ पायांच्या आयसीवर मीटर डीसीला लावा: ८ नंबरवर प्लस, ४ वर मायनस, १ आणि ७ हे आउटपुट, तिथं जवळजवळ शून्य पाहिजे. त्यातला एखादा प्लसला किंवा मायनसला जाऊन चिकटलाय तर तोच आयसी बहुधा मेलाय, तेवढा एक बदला, बेस (आयसीचं सॉकेट) लावून बदला.

आता सगळे आयसी बदलायचं म्हणतात त्याबद्दल. टीएल०७२ किंवा ४५५८ काढून ५५३२ घातला की आवाज भारी होतो असं सगळीकडं सांगतात. एक टीएल०७२ साधारण ३ मिलिअँपियर खातो, ५५३२ आठच्या आसपास. २४ चॅनेलच्या मिक्सरमध्ये १२० आयसी धरले तर ६०० मिलिअँपियर जादा झाले, ते कुठून आणणार? सप्लाय तापतो, रेग्युलेटर बंद पडतो आणि भर कार्यक्रमात मिक्सर झोपतो. वर ५५३२ च्या इनपुटला थोडा करंट लागतो, तो पॉटमधून वाहतो, मग जे पॉट आधी गप होते ते खरखरायला लागतात. पखवाज, पेटी, टाळ आणि दहा गळे यांच्यात त्या आयसीचा फरक कुणाला ऐकू येणार आहे? तुमच्या पेटीला एक चांगला माईक घ्या त्या पैशात, तो ऐकू येईल.

फेडरवर मात्र वेळ घालवा, खरं काम तिथं आहे. तुमचा मिक्सर साउंडवाल्याचा म्हणजे मिरवणुकीत फिरलेला, त्यात गुलाल असणारच. आपल्याकडे शिवजयंतीची चित्ररथाची मिरवणूक, गणपतीचं विसर्जन, सगळीकडं गुलाल फेडरच्या फटीतून आत जातो. निपाणीकडचा मिक्सर असेल तर तंबाखूची धूळ. गुलाल हवेतला ओलावा ओढतो, आतल्या ग्रीसमध्ये कालवला जातो आणि फेडर अर्ध्यावर चिकटतो. बाहेरून स्प्रे मारला तर हा लाल चिखल पातळ होऊन कार्बनच्या पट्टीवर पसरतो, दोन दिवस गुळगुळीत वाटतं आणि मग आधीपेक्षा वाईट. म्हणून फेडर बाहेर काढा, कोरडा ब्रश आणि ब्लोअरनं जेवढा निघेल तेवढा गुलाल कोरडाच काढा, ओलं नंतर. मग कडेचे पत्र्याचे चिमटे हलक्या हातानं सरळ करून झाकण काढा. आत दोन चकचकीत सळ्या दिसतील, एक काळी पट्टी, आणि सरकणाऱ्या तुकड्याखाली केसासारखे बारीक तांब्याचे दात. ते दात वाकले की फेडर गेला, तिथं बोट लावायचं नाही. चष्मा पुसायच्या कापडाचा तुकडा आयपीएत जरासा भिजवून काळ्या पट्टीवरून लांबीच्या दिशेनं एकदा-दोनदा फिरवा, घासू नका. कापड आधी लाल येईल, मग राखाडी, मग स्वच्छ. राखाडी थांबतच नसेल तर पट्टीच निघायला लागली, सोडा. सळ्यांवरचं जुनं ग्रीस पुसून काढा आणि फेडरसाठी मिळतं ते पातळ ल्यूब सळ्यांना अगदी बोटाला लागेल एवढंच लावा, पट्टीला नाही. डब्ल्यूडी-४० नको, रॉकेल नको, पेट्रोल तर अजिबात नको. डब्ल्यूडी-४० तेलकट थर सोडतो आणि पुढच्या मोसमाची सगळी धूळ त्याला चिकटते.

साफ करूनही एखादा फेडर खरखरत असेल तर मीटर मिलिव्होल्टवर लावून त्याच्या टोकाला डीसी येतोय का बघा. तिथं शून्याजवळ पाहिजे. डीसी आला तर त्याच्या आधीचा छोटा कपलिंग कंडेन्सर गळतोय, फेडरची चूक नाही, पाच-दहा रुपयांचा तो कंडेन्सर बदला. ही एक गोष्ट तपासली तर कितीतरी फेडर फेकण्यापासून वाचतात. आणि खरंच गेलेले निघाले तर नवे शोधत बसू नका, २३ आणि २४ नंबरचे फेडर काढून बुवांच्या आणि पेटीच्या चॅनेलला घाला. तुम्हाला भजनाला दहा-बारा चॅनेल लागतात, नाटक असेल तर अजून चार. २४ पैकी १६ चॅनेल निर्धोक असलेला मिक्सर म्हणजे तुमच्यासाठी पूर्ण मिक्सर.

उघडण्याचं काम कंटाळवाणं आहे हे आधीच सांगतो. स्वस्त मिक्सरमध्ये चॅनेलचे वेगळे पट्टे नसतात, सगळा एकच लांब बोर्ड, एका चॅनेलला अकरा पॉट धरले तर अडीचशेच्या वर नट काढावे लागतात. बॉक्स पाना घ्या, पक्कडनं काढाल तर वरचा पत्रा ओरबाडेल. नॉब काढून कोमट पाण्यात साबण टाकून भिजत ठेवा. प्रत्येक रिबन काढायच्या आधी मोबाईलवर फोटो, आणि रिबनची लाल कड कुठल्या बाजूला होती ते मार्करनं लिहा. रिबनचे कनेक्टर काढून क्लीनर मारून परत दोन-तीनदा बसवा, उंदरानं कुठं कुरतडलंय का बघा, मागच्या फटीतून आत कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं असतं तेही काढा. मग भिंग घेऊन जॅकचे आणि एक्सएलआरचे डाग बघा. पायाभोवती बारीक गोल चीर दिसली की ते ड्राय झालंय. नुसतं गरम करू नका, जुनं सोल्डर थोडं ओढून घेऊन नवं ६०/४० घाला, आणि सोल्डरिंगची इस्त्री एका जागी दोन-तीन सेकंदांच्या वर टेकवू नका, या बोर्डांचे ट्रॅक लगेच उचलतात. कडेचे पत्रे वाकलेत, पाय तुटलेत असलं काही असेल तर बेळगावच्या उद्यमबागेत कुणीही फॅब्रिकेशनवाला तासाभरात सरळ करून देईल.

हे सगळं स्वतः केलंत तर माझ्या अंदाजानं अडीच-तीन हजारांत होतं, त्यात क्लीनर, आयपीए आणि ल्यूबच जास्त, पार्ट कमी. मेकॅनिककडून करून घेणार असाल तर त्याला एवढंच सांगा की सप्लाय पूर्ण करा, सांधे साफ करा, आणि आयसी बदलायच्या आधी मला मीटर लावून दाखवा. चांगला माणूस असेल तर त्याला राग येणार नाही.

अर्थिंगचं बोलायचं राहिलं होतं. बुवा माईक ओठाला लावून गातात आणि हात पेटीच्या स्टँडला असतो. मिक्सरच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर कार्यक्रम थांबवून आधी तेच बघा. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टच्या वर दिसले किंवा फेज ते अर्थ लाइनएवढे येत नसतील तर देवळाचं अर्थिंग बहुधा कोरडं पडलंय किंवा तुटलंय. नवीन सळी ठोकून घ्या, बोर्डात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवा. मंडपात आकडा टाकून लाइन घेणार असाल तर त्यावर माईक लावूच नका, पोरं भिजलेल्या जमिनीवर उभी असतात. या एका बाबतीत पैशाचा विचार करू नका.

नीट झाल्यावर देवळामागच्या खोलीत जमिनीवर ठेवू नका, जून ते सप्टेंबर तुमच्याकडं भिंतीला पाणी सुटतं. फळीवर, कापडाखाली, वरून प्लास्टिक पण खालून हवा जाईल असं, सिलिका जेलच्या पिशव्या आत, आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा दोन तास नुसता चालू ठेवा, त्या वेळी प्रत्येक फेडर, बटण आणि नॉब एकदा पूर्ण फिरवा. आतली ऊब ओलावा काढते, फिरवल्यानं कॉन्टॅक्ट काळे पडत नाहीत. स्वतःचा मिक्सर असला की सप्ताहाला भाड्याच्या साउंडसाठी वर्गणी मागत फिरायला लागत नाही, गावातली दोन पोरं त्यावर शिकतात, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

आता एवढं करा: हेडफोनमध्ये हम येतो का नाही, ५० चा की १०० चा, लोडवर प्लस, मायनस आणि ४८ चे आकडे किती, आणि ते संध्याकाळी मोजले तर लाइन किती होती, हे लिहून कळवा. सोबत सप्लायच्या बोर्डाचा वरून आणि खालून असा एकेक फोटो द्या, कंडेन्सरचे आकडे वाचता येतील असा, मी यादी करून देतो.